बाळाच्या पायाला बांधायचा ऑक्सिमीटर: ४ स्टार, एक वायरीसाठी कापला

मी सातपुड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. एखादं पोर जास्त आजारी झालं की नंदुरबारला पाठवायचं, पण पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली तर रात्र इथेच काढावी लागते.

कोरोनात आलेले बोटाच्या चिमट्याचे ऑक्सिमीटर आमच्या ड्रॉवरमध्ये अजून पाच-सहा पडलेत. मोठ्यांना ठीक आहेत. बाळाचं बोट त्यात हरवतं. गेल्या भाद्रपदात आठ महिन्यांची मुलगी आली. श्वास मिनिटाला ६४ (या वयात ५० म्हणजेच जलद), बरगड्यांखाली खड्डा पडतोय, आणि चिमटा म्हणतो ऑक्सिजन ९७ टक्के! मग ७१, मग नुसत्या रेघा. त्या रात्री आम्ही आकड्याची वाट न बघता ऑक्सिजन लावला. मुलगी वाचली. नंतर रुग्ण कल्याण समितीच्या पैशांतून हे यंत्र घेतलं.

याचा प्रोब, म्हणजे बाळाला लावायचा भाग, पट्टीसारखा गुंडाळता येतो. अंगठ्याला किंवा पावलाला, पण दिवा आणि समोरचा सेन्सर अगदी समोरासमोर आले पाहिजेत. जरा सरकले की खोटा आकडा. बाळाचे पाय गार असतील तर आधी चोळून ऊब द्या, नाहीतर यंत्राला नाडीच सापडत नाही. मी वरून मोजा चढवते, त्याने पट्टी धरून राहते आणि उन्हाचा उजेडही आत जात नाही. स्क्रीनवरची नाडी स्टेथोस्कोपने मोजलेल्या ठोक्यांशी जुळली तरच आकडा लिहायचा. ९० च्या खाली गेला तर लगेच ऑक्सिजन. सावळ्या कातडीवर ही यंत्रं थोडा जास्त आकडा दाखवू शकतात, म्हणून मी ९१-९२ लाही बाळापासून हलत नाही.

एक गोष्ट कंपनीच्या कागदावर कुठेच नाही. आमच्याकडे रक्त अगदी कमी असलेली पोरं येतात, तळवे कागदासारखे पांढरे. त्यांना हे यंत्र खुशाल ९८ दाखवतं. आहे तेवढं रक्त ऑक्सिजनने भरलेलं असतं, पण मुळात रक्तच नाही! नवीन मुलींना मी आधी पापणी उघडून बघायला लावते, मग बटण.

बॅटरी उत्तम. लाइट गेली की कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) बंद पडतो, पाना घेऊन जम्बो सिलिंडर उघडेपर्यंत आमची तारांबळ उडते. तेवढा वेळ हे चालू असतं, आकडा किती वेगाने उतरतोय ते कळतं. आवाजही मोठा. एका आजीने मात्र "करंट लागेल" म्हणून दोनदा काढून टाकलं, शेवटी मी ते स्वतःच्या बोटाला लावून दाखवलं.

कापलेला स्टार वायरीचा. ती खाटेच्या मापाने बनवलीय. आमच्याकडे धाप लागलेलं बाळ आईच्या मांडीवर असतं, त्यामुळे यंत्र एका हातात धरून उभं राहावं लागतं.