गेराल्टची कातडी की स्वतःचं सोंग? 'विचर 3' आणि 'बाल्डर्स गेट 3'

सेलमध्ये दोन्ही गेम घेऊन ठेवणं सोपं आहे. नोकरी सांभाळून दोन्ही संपवणं मात्र कठीण, कारण मनापासून खेळलात तर एकेक गेम सहज शंभर तास खातो. मग आधी कोणता? ग्राफिक्स आणि लढाईची तुलना तुम्हाला ढिगाने सापडेल. मी एकच गोष्ट बघणार आहे: पर्याय निवडताना हात थबकतो का? (पुढे 'विचर'मधली एक मोठी गोष्ट फुटणार आहे. चालत नसेल तर थेट शेवटच्या परिच्छेदावर उडी मारा.)

पोलंडच्या सीडी प्रॉजेक्ट रेड या कंपनीचा 'द विचर 3' आला 2015 साली. त्यात तुम्ही गेराल्ट नावाचा राक्षसांचा शिकारी होऊन खेळता. त्यातल्या वेलेन या युद्धाने उजाड केलेल्या दलदलीच्या मुलखात एका टेकडीखाली झाडाच्या मुळांत एक आत्मा अडकलेला असतो. 'मला सोडव, चेटकिणींच्या तावडीतल्या अनाथ पोरांना मी वाचवतो,' असं तो म्हणतो. सोडलात तर पोरं वाचतात, पण शेजारचं गाव उद्ध्वस्त होतं, ब्लडी बॅरन या तिथल्या सत्ताधीशाची बायको अ‍ॅना मरते आणि तो स्वतःला फास लावून घेतो. आत्म्याला मारलंत तर गाव टिकतं, पोरं जातात. अ‍ॅना जगते, पण भ्रमिष्ट होऊन, आणि बायकोला मारझोड करणारा तोच बॅरन तिला उपचारांसाठी डोंगरांत घेऊन जातो. इकडे आड, तिकडे विहीर. पुण्य मोजणारा काटा नाही, पाप मोजणाराही नाही.

खरी मेख आहे ती वेळेत. टेकडीवर निर्णय घेऊन तुम्ही पुढे जाता, ग्वेंट या गेममधल्याच पत्त्यांच्या खेळाचे चार डाव खेळता, एखादा राक्षस मारता, आणि हिशेब समोर येतो तो बऱ्याच वेळाने. तोवर जुन्या सेव्हकडे परतायचं म्हणजे दोन संध्याकाळी पाण्यात, म्हणून माणूस मुकाट्याने आपलं केलेलं स्वीकारतो. गेराल्टची मानलेली लेक सिरी, तिचं तर आणखी वेगळं. खचलेल्या सिरीसोबत दारू प्यायची की बर्फाचे गोळे फेकत खेळायचं, ही निवड इतकी किरकोळ वाटते की मी विचारही केला नव्हता. शेवटाचं पारडं ज्या मोजक्या क्षणांवर झुकतं, त्यांतला हा एक.

बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा 'बाल्डर्स गेट 3' (2023) यापेक्षा कितीतरी मोकळा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या खेळाचे नियम, वीस बाजूंचा फासा, आणि प्रेताशी किंवा खारीशीही बोलता येतं. दार उघडत नसेल तर फोडा, जाळा, नाहीतर मांजर होऊन भोकातून जा. दुष्टपणाची मुभाही खरीखुरी आहे. आसऱ्याला आलेल्या टीफलिंगांच्या (शिंगं असलेल्या माणसांसारख्या जमातीच्या) वस्तीवर गॉब्लिनांच्या बाजूने तुटून पडता येतं, आणि मग विल आणि कारलाक हे सोबती तुमची साथ सोडतात. नंतरच्या मुलखातून त्या निर्वासितांच्या सगळ्या गोष्टीही गळून पडतात. वाईट वाटेवर शिक्षा नाही, पण ओसाडी आहे.

गोची तिसरीकडेच. इथे बरेचसे परिणाम तिथल्या तिथे दिसतात आणि एफ8 दाबलं की आधीचा सेव्ह उघडून काळ मागे जातो. अराबेला नावाच्या पोरीसमोर नाग फणा काढून उभा असतो आणि तिचा जीव तुमच्या फाशावर टांगलेला असतो. माझा फासा चुकला, पोर गेली. मी लोड केलं. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा वाचली, पण तोवर ती माझ्या लेखी पोर उरली नव्हती, फाशावरचा एक आकडा झाली होती. त्यात 'अमक्याला हे आवडलं नाही' अशी पाटी पडद्यावर झळकते आणि परीक्षेत गुण मोजल्यासारखं वाटतं. एकच सेव्ह देणारा ऑनर मोड नंतर आला, पण त्यात लढायाही जीवघेण्या होतात. नवख्याने त्या भानगडीत पडू नये.

'सिरीला शोध' ('विचर'), 'डोक्यात शिरलेली अळी काढ' ('बाल्डर्स गेट') अशी घाई दोन्ही गेम करतात आणि दोन्ही थापा मारतात. वेलेनमध्ये पत्ते कुटत महिना काढला तरी सिरी थांबते. 'बाल्डर्स गेट' मात्र क्वचित शब्दाला जागतो: जळती सराय पाहून तळावर झोपायला गेलात तर आतली माणसं वाचत नाहीत.

गुंगून जाण्याची जातही वेगळी. गेराल्ट म्हणजे परकायाप्रवेश. त्याचा आवाज, वय, जुनी प्रेमं सगळं आधीच ठरलेलं, तुम्ही फक्त त्याच्या स्वभावाच्या कुंपणात हिंडता. म्हणूनच त्याच्या तोंडचं कुठलंच उत्तर परकं वाटत नाही. 'बाल्डर्स गेट'मध्ये सोंग तुमचं असतं. त्याला मजकूर तुम्ही पुरवायचा, आणि कंटाळलेल्या रात्री ते जमत नाही.

तर: लॅपटॉपवर जागा कमी असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. 'विचर'ला साधारण 50 जीबी पुरतात, 'बाल्डर्स गेट' दीडशे मागतो, तेही एसएसडीवर. एकट्याने, रात्री, हेडफोन लावून खेळणार असाल तर आधी 'विचर'. तीन मित्र जमत असतील, किंवा पाळीपाळीने चालणारी सावकाश लढाई आवडत असेल, तर 'बाल्डर्स गेट'. फक्त पहिल्या खेपेला एफ8 वर चिकटपट्टी लावा.