पांढऱ्या डबीवर नाव नव्हतं

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. दुखत नाही, खाजत नाही, पण भेटेल तो "झोप होत नाही का गं?" असं विचारतो. दोन वर्षं कन्सीलर थापून काढली. मग ओळखीतल्या एकीने एक स्किन क्लिनिक सुचवलं आणि मी गेले.

तिथल्या बाईंच्या अंगात पांढरा कोट होता. तुम्ही डॉक्टर आहात का, हे मी विचारलंच नाही. कोट बघूनच गप्प बसले. त्यांनी गालावर भिंग धरलं, "ताई, हे वरवरचं आहे, महिन्यात जाईल" म्हणाल्या आणि सहा सिटिंगच्या पॅकेजचा कागद पुढे सरकवला. पैसे सगळे आगाऊ. आजच सही केली तर घरी लावायचं क्रीम फुकट.

"महिन्यात जाईल" ऐकताच मी उठायला हवं होतं. वांगाचा रंग वरच्या थरात असला तर उपचाराला दाद देतो, खोल उतरला असेल तर फार चिवट असतो, आणि गेला तरी ऊन लागलं की परत डोकं वर काढतो. वरचा थर नवा व्हायलाच साधारण चार आठवडे लागतात. पण हे शहाणपण नंतरचं.

सिटिंग म्हणजे थंडगार जेल, निळा दिवा लागणारं एक यंत्र आणि वीस मिनिटं मंद संगीत. त्याने ना फायदा, ना तोटा. खरा खेळ होता त्या फुकटच्या क्रीमचा. बुटकी पांढरी डबी. झाकण उघडलं की क्रीमवर चमच्याचा वळसा तसाच दिसायचा, म्हणजे मोठ्या डब्यातून कुणीतरी हाताने भरलेलं. वर चिकटवलेल्या कागदावर पेनाने एकच शब्द: 'रात्री'. घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. विचारलं तर म्हणे, "आमचा स्वतःचा फॉर्म्युला आहे."

आणि क्रीमने काम केलं! आठवडाभरात चेहरा नितळ, दोन आठवड्यांत वांग निम्म्याने फिके. मी इतकी खूश की बहिणीलाही तीच डबी आणून दिली. (ते ऐकवायचं तिने अजून सोडलेलं नाही.)

तीन महिन्यांनी चार दिवस बाहेरगावी गेले आणि डबी घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी गाल तापले, तिसऱ्या दिवशी लालभडक, साधं पाणी लागलं तरी आग. फोन केला. "ताई, घाबरू नका, त्वचा आतली घाण बाहेर टाकतेय. घरी पोचलात की क्रीम लगेच चालू करा." केलं, आणि दोन रात्रींत आग शांत झाली. माझा विश्वास दुप्पट झाला! क्रीम सोडल्यावर होणारा त्रासच मला क्रीमची गरज पटवून देत होता. इतकी चोख फसवणूक मी दुसरी पाहिलेली नाही.

मग हनुवटीवर पुरळ आलं, गालांवर लाल केसाएवढ्या रेषांचं जाळं दिसायला लागलं, ओठावरची लव दाट झाली. पुरळासाठी त्यांनी मला फेसवॉश विकला.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. चेहरा बघूनच त्यांनी विचारलं, "डबीवर नाव नव्हतं ना?" त्यांच्या मते आत जोरकस स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड दाह दाबतं, रक्तवाहिन्या आकसवतं, रंग तयार होणंही मंदावतं, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. पण रोज लावत राहिलं की त्वचा पातळ होते, आणि थांबवलं की दबलेलं सगळं उसळून वर येतं. क्लोबेटासॉलसारख्या जोरकस स्टिरॉइडचं 0.05 टक्क्यांचं मलम एरवी अंगावरही सलग दोन आठवड्यांपलीकडे लावायचं नसतं, आणि चेहऱ्यासाठी तर ते नाहीच. मी तीन महिन्यांनंतरही ते चालूच ठेवलं होतं.

त्यांनी लघवीतला पाराही तपासायला सांगितला. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये पारा असतो, तो रंगद्रव्य बनवणारी प्रक्रिया रोखतो आणि मूत्रपिंडांवर घाला घालतो. पाऱ्याबद्दलच्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारात एक पीपीएमपेक्षा (दहा लाखांत एक भाग) जास्त पारा असलेली सौंदर्यप्रसाधनं बंद करायला 2020 ची मुदत होती, तरी अशी क्रीम सापडतात. माझा रिपोर्ट स्वच्छ आला. तेवढं नशीब.

गंमत म्हणजे वांगासाठी डॉक्टर जे तिहेरी क्रीम देतात, त्यातही सौम्य स्टिरॉइड असतं: फ्लुओसिनोलोन 0.01 टक्के, सोबत रंग फिका करणारं 4 टक्के हायड्रोक्विनोन आणि त्वचेचा थर लवकर नवा करणारं 0.05 टक्के ट्रेटिनॉइन. पण ते ट्यूबवर छापलेलं असतं, आणि साधारण आठ आठवड्यांनी डॉक्टर ते थांबवतात. माझ्या चेहऱ्याला आता तेही झेपणारं नव्हतं. साधं मॉइश्चरायझर, टॅक्रोलिमस (स्टिरॉइड नसलेलं, दाह कमी करणारं मलम) आणि रंगीत सनस्क्रीन, एवढंच. रंगीत अशासाठी की त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांग त्यानेही गडद होतात. आग थांबायला सात महिने लागले. वांग तोवर परत आले होते.

पैसे मागायला गेले तेव्हा सही केलेल्या कागदातली बारीक ओळ दाखवली गेली: परिणाम व्यक्तीनुसार वेगवेगळे. वर 'सेन्सिटिव्ह स्किन'चं क्रीम देऊ केलं. तीच बुटकी डबी, तोच पेनाचा कागद.

त्यांनी जाहिरातीत टाकलेले माझे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. माझ्या डाव्या भुवईखाली काळाभोर तीळ आहे, त्याच्या आसपास मी कधी क्रीम लावलं नव्हतं. 'नंतर'च्या फोटोत तोही जवळजवळ दिसेनासा झालाय.