शो टेबल स्टेटस, इन्फर्मेशन स्कीमा की चेक टेबल?

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये कुणी "टेबलचं स्टेटस बघ" म्हटलं, की मी आधी विचारतो: आकार बघायचाय की तब्येत? नेहमीच्या तीन मार्गांपैकी दोन आकार सांगतात, तब्येत फक्त तिसरा.

'शो टेबल स्टेटस' सगळ्यात सुटसुटीत. एका डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलसाठी एक ओळ येते: इंजिन (टेबल साठवणारी यंत्रणा), अंदाजे रेकॉर्ड, डेटा आणि इंडेक्सचा आकार, पुढचा ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा क्रमांक), कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम), असे एकूण 18 कॉलम. टर्मिनलवर त्याचा पार चिवडा होतो, म्हणून शेवटी अर्धविरामाऐवजी उलटी तिरकी रेघ आणि कॅपिटल जी द्यायचं, की कॉलम एकाखाली एक दिसतात. एखाद-दुसऱ्या टेबलवर नजर टाकायची असेल तर यापुढे काही नको. मात्र आकारानुसार क्रम लावता येत नाही की बेरीज करता येत नाही.

तिथे इन्फर्मेशन स्कीमामधलं 'टेबल्स' उपयोगी पडतं. माहिती जवळपास तीच, पण साध्या सिलेक्टने मिळते. सगळ्या डेटाबेसमधली सर्वांत मोठी दहा टेबलं हवी असतील, तर डेटा आणि इंडेक्सची बेरीज करून ऑर्डर बाय लावलं की झालं. मायएसक्यूएलच्या 5.7 आवृत्तीपर्यंत हजारो टेबलं असलेल्या सर्व्हरवर ही क्वेरी रेंगाळायची, 8.0 मध्ये डेटा डिक्शनरी (टेबलांची माहिती एकाच जागी ठेवणारी सोय) आली आणि तो त्रास बराच कमी झाला. मला एकच निवडायचं असेल तर मी हेच निवडेन.

पण दोन्हीकडचे आकडे जपून वाचा. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या नेहमीच्या इंजिनमध्ये रेकॉर्डची संख्या निव्वळ अंदाज असते. 40-50 टक्क्यांचा फरक पडू शकतो, असं खुद्द मॅन्युअल सांगतं. एकदा डेटा नव्या सर्व्हरवर हलवल्यावर मी दोन्ही सर्व्हरवरचे हे आकडे जुळवत बसलो. जुळेनात. अर्धी संध्याकाळ 'गहाळ' रेकॉर्ड शोधले, मग रेकॉर्ड प्रत्यक्ष मोजणारं काउंट चालवलं तर सगळे जागच्या जागी! शिवाय 8.0 मध्ये हे आकडे कॅशमधून येतात आणि त्यांची मुदत 86,400 सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस. ताजे हवे असतील तर आधी हे आकडे नव्याने काढणारं 'ॲनालाइझ टेबल' चालवा किंवा त्या सेशनपुरती ही मुदत शून्य करा.

'चेक टेबल'चं काम अगदी वेगळं. ते टेबल प्रत्यक्ष वाचून बिघाड शोधतं, त्यामुळे मोठ्या टेबलवर वेळ खातं. इनोडीबीत खराब पेज (डेटाचा साठवलेला तुकडा) सापडलं तर चूक पुढे पसरू नये म्हणून सर्व्हर स्वतःच बंद पडू शकतो. म्हणून गर्दीच्या वेळी चालत्या सर्व्हरवर हे नकोच; रेप्लिकावर (मूळ सर्व्हरमागोमाग अद्ययावत होत राहणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर) किंवा बॅकअपमधून उभ्या केलेल्या प्रतीवर चालवा. मायआयसॅम हे जुनं इंजिन असेल तर पुढे 'रिपेअर टेबल' आहे, इनोडीबीला ते लागू नाही. तिथे बॅकअप किंवा डंप घेऊन पुन्हा भरणं.

हा तिसरा मार्ग कधी धरायचा, याची खूण बऱ्याचदा पहिल्यातच मिळते. 'शो टेबल स्टेटस'मध्ये एखाद्या टेबलसमोर इंजिनच्या जागी नल (म्हणजे रिकामं) दिसलं, तर शेवटचा कॉमेंट कॉलम वाचा. तिथे नुसतं 'व्ह्यू' असेल तर ते टेबलच नाही, नाव देऊन ठेवलेली क्वेरी आहे. एररचा मजकूर असेल तर आधी बॅकअप कुठे आहे ते बघा, आणि मगच 'चेक टेबल'.