कंबर आणि मांड्यांचं लायपोसक्शन: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव, आणि पोट का राहू दिलं

कातडीखालची चरबी नळीनं ओढून काढतात, ते लायपोसक्शन. गेले होते पोटासाठी. करून आले कमरेच्या दोन्ही बाजू आणि मांड्या. पोट आजही तसंच आहे, आणि या सगळ्या प्रकरणात मी घेतलेला सर्वांत चांगला निर्णय तोच होता असं मला वाटतं. म्हणून आधी निर्णयाचं लिहिते, ऑपरेशनचं नंतर.

मी ४३ वर्षांची, मनीषनगरला राहते, बँकेत काउंटरवर असते. दोन्ही मुलं सिझेरियनची. दोन वर्षं रोज पहाटे चालून आणि रात्रीचं जेवण सातला आटोपून वजन ७४ वरून ६५ किलोवर आणलं. उंची १६० सेंटिमीटर. चेहरा उतरला, दंड उतरले, पण मांड्या आणि कमरेवरच्या वळ्या जागच्या हलल्या नाहीत. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको: ४५ अंशांत मांडीला मांडी घासून सालटं निघतात, पावडर लावा नाहीतर खोबरेल. संध्याकाळी स्कूटीवरून उतरून घरात शिरेपर्यंत डोळ्यांत पाणी यायचं. त्यामुळे हे फक्त दिसण्यासाठी होतं असं कोणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

पहिल्या ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत. एका मुलीनं टेपनं मोजमाप घेतलं, पोट-कंबर-मांड्या-दंड असं पूर्ण पॅकेज सांगितलं, दहा किलो वजन उतरेल म्हणाली आणि रविवारच्या आत बुकिंग केलं तर सवलत. वजन उतरवण्यासाठी लायपोसक्शन नसतंच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तरी घाई लावली की मी उठते, ही माझी सवय त्या दिवशी कामी आली.

दुसरीकडे चरबी गोठवायचं मशीन होतं. यात चीर नाही, भूल नाही. गारव्यानं चरबीच्या पेशी मरतात आणि दोन-तीन महिन्यांत शरीर त्या बाहेर टाकतं. अमेरिकेत याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. उपचार खोटा नाही, पण एका जागचा थर साधारण वीस ते पंचवीस टक्क्यांनी कमी होतो. छोट्या वळीला ते पुरेल, माझ्या मांड्यांना पुरलं नसतं. क्वचित उलटंही होतं: त्या जागची चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढून घट्ट होते. लिंडा इव्हांजेलिस्टा या मॉडेलनं २०२१ मध्ये स्वतःच्या बाबतीत हे जाहीरपणे सांगितलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मी विचारल्यावर लपवलं नाही, याचं श्रेय त्यांना देते.

तिसरे डॉक्टर रामदासपेठेतले, प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. केलेले. पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी मी आधी तपासून गेले होते. त्यांनी मला टेबलावर उताणं झोपवलं आणि डोकं थोडं उचलायला सांगितलं. पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा वर आला. बेंबीच्या वर त्यांची अडीच बोटं आत गेली. "ताई, ही चरबी नाही. बाळंतपणात मधले स्नायू फाकलेत." मग पोटाची कातडी चिमटीत धरून दाखवली: जेमतेम एक बोट जाडी. नळी जाते ती फक्त या कातडीखालच्या थरात. आतड्यांभोवतीच्या चरबीला ती शिवत नाही, फाकलेले स्नायू जोडत नाही, सैल कातडी आवळत नाही. पोटाचं लायपो केलं तर खर्च होईल, कातडी आणखी लोंबेल आणि पोट पुढेच राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्नायू जोडायचं मोठं ऑपरेशन वेगळं, त्याला या खुब्यापासून त्या खुब्यापर्यंत व्रण. ते मला नको होतं.

माझ्या मनात आणखी एक आशा होती. बाबांना मधुमेह, माझी साखर काठावर. चरबी काढली की साखर सुधारेल असं धरून चालले होते. डॉक्टरांनी २००४ च्या एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं. लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची जवळपास दहा किलो चरबी काढली, तरी तीन महिन्यांच्या आसपास तपासल्यावर इन्सुलिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा दिसली नव्हती. साखरेसाठी चालणं सोडायचं नाही, लायपो हा त्यावरचा रस्ता नाही. हे ऐकून घरी आले आणि आठ दिवस कोणाशी विषय काढला नाही.

आई म्हणाली, "अवं, चांगला धडधाकट देह हाय तुहा, त्याले कायले कापाकापी?" यांचं म्हणणं, विचारायचं ते सगळं आधी विचारून घे, मग तू ठरव. आईचा प्रश्न मी खरंच मनावर घेतला. उत्तर मिळालं ते मांड्यांपुरतं. पोटाचं उत्तर मिळालं नाही, म्हणून पोट सोडलं.

मशीनचं म्हणाल तर साधी नळी, हलणारी नळी, अल्ट्रासाउंडची व्हेसर, लेझर असे प्रकार आहेत. आधी ऑपरेशन होऊन कडक झालेल्या जागी, पाठीवर व्हेसरनं काम सोपं होतं. माझ्यासाठी हलणारी नळी पुरेशी होती. मशीनपेक्षा हात कोणाचा हे मोठं, असं डॉक्टर म्हणाले आणि आता मलाही ते पटलंय. विमा यात काही देत नाही. १,४०,००० बिल, वर १८ टक्के जीएसटी. हा जीएसटी मला आधी कोणी सांगितला नव्हता, २५,२०० रुपये ऐनवेळी उभे करावे लागले. तेवढी तक्रार आहेच.

ऑपरेशनच्या दिवशी उभं करून पेनानं खुणा केल्या, कारण झोपलं की चरबी पसरते. आधी सलाईनमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आणि अॅड्रिनलिन मिसळून आत भरतात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी जातं. ही पद्धत १९८० च्या दशकात जेफ्री क्लाइन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं आणली. तिच्या आधी या ऑपरेशनात बरंच रक्त जायचं. मला पूर्ण भूलही दिली होती, भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत खोलीत. एकूण २.६ लिटर निघालं, त्यात चरबी दोन लिटरच्या आत. पाच लिटरच्या वरचं काम जोखमीचं धरतात. त्या लिग्नोकेनचा रक्तातला जोर कित्येक तासांनी सर्वाधिक असतो, म्हणून एक रात्र तिथंच ठेवलं. संध्याकाळीच धरून चालवलं, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून.

पुढचं कोणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पहिले दोन दिवस छोट्या चिरांमधून गुलाबी पाणी गळत राहतं. गादीवर मेणकापड घाला, जुन्या चादरी काढून ठेवा. चौथ्या दिवशी वजन केलं तर ६७! सूज आणि आत भरलेलं पाणी. मी रडले. मांड्या काळ्यानिळ्या, जिन्याची प्रत्येक पायरी आठवणीत राहील अशी. आठव्या दिवशी हळूहळू घरातली कामं, पंधराव्या दिवशी बँक. प्रेशर गारमेंट, म्हणजे अंगाला आवळून बसणारा कपडा, सहा आठवडे रात्रंदिवस, फक्त आंघोळीला काढायचं. दोन घ्याच, एक धुवायला. नागपूरकरांनी हे काम डिसेंबरच्या थंडीतच करावं. एप्रिल-मेमध्ये कूलरसमोर बसूनही ते अंगावर ठेवता येणार नाही, आणि काढून ठेवलं तर सूज राहते.

तिसऱ्या आठवड्यात मांड्यांत गाठी हाताला लागायला लागल्या, सगळं बिघडलं असंच वाटलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मांडी घालून बसता आलं नाही, खुर्ची मागून घेतली. मसाज आणि वेळ, एवढाच त्यावर इलाज होता. तीन महिन्यांनी गाठी विरल्या, खरा आकार दिसला तो सहाव्या महिन्यात.

आज कंबर ९२ वरून ८७ सेंटिमीटर, मांडी ६१ वरून ५६. वजन ६४, म्हणजे जवळपास तेच. यंदाच्या मेमध्ये एकदाही सालटं निघालं नाही. परवा मारबतीच्या मिरवणुकीत महाल भागात तीन तास उभी होते, घामानं निथळत, आणि मांड्यांची आठवणही झाली नाही. डाव्या मांडीवर आतल्या बाजूला एक हलका खळगा राहिलाय, उभं राहिल्यावर दिसतो. त्याच्या शेजारी रुपयाएवढी जागा बधिर आहे. वर्षभर वाट बघू, म्हणतात डॉक्टर. काढलेल्या पेशी परत येत नाहीत, पण वजन वाढलं तर चरबी दुसरीकडे जाऊन बसते, म्हणून पहाटेचं चालणं सुरूच आहे.

गेल्या महिन्यात नणंदबाई माझ्या मांड्या बघून म्हणाल्या, वहिनी, मलाही पोटाचं करायचंय, नंबर द्या. मी त्यांना दिवाणावर उताणं झोपवलं आणि डोकं उचलायला लावलं. मधोमध तोच उंचवटा. त्यांचा धाकटा अजून दीड वर्षाचाही नाही. प्लास्टिक सर्जनच्या आधी त्या आता फिजिओथेरपिस्टकडे जाणार आहेत, येत्या मंगळवारची वेळ मिळाली आहे, आणि सोबत मी जाणार आहे.