नटावरचं मीठ आणि माझे १६,२७० रुपये

लाज वाटते लिहायला. पण मला फसवणारा तो माणूस अजून गोव्यात शापोरा नदीच्या काठाने मिस्त्री म्हणून हिंडतोय.

माझ्या होडीचं ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, जुलैअखेरीस जोर धरेना. चालू व्हायचं, पण थ्रॉटल वाढवला की कार्बोरेटरमधून फटफट. १ ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठते, ट्रॉलरवाल्यांनी सगळे मिस्त्री अडवून ठेवलेले. अशा वेळी कुणी "पात्रांव (मालक), तासाभरात करून देतो" म्हटलं तर तुम्ही काय केलं असतं?

म्हणे फ्लायव्हीलखालची, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या जड चाकाखालची, पल्सर कॉइल गेली. ठिणगी कधी पडायची ते ती ठरवते, म्हणून टायमिंग बिघडलं. कॉइलचे ११,८००, टायमिंग लावायचे १,५००. मला चहा आणायला पिटाळलं. (गेलो. मिस्त्री तुम्हाला चहाला पाठवतो तेव्हा हलू नका.) परत आलो तर एक काळपट कॉइल माझ्या हातात ठेवली आणि फ्लायव्हीलवर टायमिंग लाईट धरून म्हणाला, "बघा, निशाणी जुळली."

तिथेच त्याचा हात धरायला हवा होता. त्या लाईटची क्लिप पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरीला लावतात. ठिणगीगणिक तो लुकलुकतो, म्हणून तर फिरती निशाणी थांबलेली दिसते. ह्याची क्लिप खाली लोंबत होती आणि लाईट टॉर्चसारखा सरळ पेटलेला! फ्लायव्हीलच्या नटावर मिठाचा पांढरा थर जसाच्या तसा. नट सोडवून, पुलर (ओढून काढायचं अवजार) लावून फ्लायव्हील उपसल्याशिवाय त्या कॉइलला हात लागत नाही, हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं होडी चालवतोय. तरी १३,३०० मोजले, रोख, बिलाशिवाय.

तिसऱ्या दिवशी मोरजीसमोर इंजिन मेलं. होडी ओढून आणायचे २,०००. दुसऱ्या मिस्त्रीने माझ्यासमोर फ्लायव्हील उतरवलं. कॉइल मूळचीच, शाफ्टवर फ्लायव्हील जागच्या जागी धरणारी धातूची छोटी चावी तुटलेली. आधी ती अर्धी कापली गेली होती, त्यामुळे फ्लायव्हील सरकून ठिणगी अवेळी पडत होती. भामट्याने नुसता ठिणगीची वेळ पुढेमागे करणारा ॲडव्हान्सचा रॉड ताणून दोष झाकला होता. चावी १२०, मजुरी ८५०.

चौकीवर गेलो. "टायमिंग म्हणजे? घड्याळ चोरलं का?" सगळे हसले. मग म्हणे हा दिवाणी मामला. होड्यांची नोंदणी करणाऱ्या खात्यात गेलो, तर म्हणे होडीची नोंदणी आम्ही बघतो, मिस्त्रीची नाही. साहेब जेवायला, साहेब मीटिंगला, साहेब पणजीला. तीन फेऱ्या, तीन अर्ज, पोच एकाचीही नाही. ग्राहक हेल्पलाईनवर, १९१५ वर, निदान नीट ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न बिलाचाच. कच्चं का होईना, बिल घ्या. जुना भाग म्हणून जे हातात देतील ते तुमच्याच इंजिनचं होतं का, ते भाग काढतानाच बघा.

त्याचा फोन अजून लागतो. "पात्रांव, आज संध्याकाळी येतो," म्हणतो.