नायिकाकथांसाठी दोन सूची: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लोककथांमधल्या नायिकांचे कल्पनाबंध, म्हणजे मोटिफ, नोंदवायला बसलं की दोन साधनांवाचून अडतं. पहिलं साधन म्हणजे कथाप्रकारांची सूची. ती आंटी आर्ने यांनी १९१० मध्ये सुरू केली, स्टिथ थॉम्पसन यांनी १९२८ आणि १९६१ मध्ये वाढवली आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये तीन खंडांत नव्याने मांडली. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला एटीयू म्हणतात. दुसरं साधन थॉम्पसन यांचीच सहा खंडांची कल्पनाबंध-सूची. तिची सुधारित आवृत्ती १९५५ ते १९५८ या काळात निघाली. आठ महिने दोन्ही हाताळून झालेलं मत असं: नायिकेवर काय ओढवतं ते या सूची फार नेमकं टिपतात, ती स्वतः काय करते ते टिपताना मात्र हात आखडतात. नोंद करणाऱ्याने ही उणीव भरून काढली नाही, तर वहीत नुसत्या सोसणाऱ्या मुली उरतात.

दोन्हींचं काम वेगळं आहे. एटीयू अख्ख्या कथेला एक आकडा देते, कल्पनाबंध-सूची कथेच्या एकेका तुकड्याला. एटीयूमध्ये नायिकांचा मुक्काम मुख्यतः ३०० ते ७४९ या अद्भुतकथांत आणि ८५० ते ९९९ या वास्तवकथांत असतो. कल्पनाबंध-सूचीत अशी एक जागा नाही; तिथे प्रत्येक विषयाला एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे आकडा असतो. दुष्ट सावत्र आई एस ३१, सगळ्यांवर मात करणारी धाकटी मुलगी एल ५०, पुरुषवेश घेणारी बाई के १८३७, जोड्यावरून पटणारी ओळख एच ३६.१. एका सिंड्रेलासाठी तीन-चार खंड उघडून बसावं लागतं, आणि ते टाळता येत नाही.

सर्वांत जास्त चुका सिंड्रेलाच्याच कथांत होतात. राखेत बसणारी मुलगी आणि जोडा दिसला की हात आपोआप ५१० ए लिहितो. थांबून आधी पाहायचं ते छळ कोण करतं आणि मदत कुठून येते. सावत्र आई आणि बहिणी छळत असतील तर ५१० ए. बापच मुलीशी लग्न करायला निघाला आणि ती कातडी पांघरून पळाली, तर ५१० बी. तिथे ओळख जोड्याऐवजी पुष्कळदा राजपुत्राच्या सारात टाकलेल्या अंगठीवरून पटते. उपाशी मुलीला गाय किंवा बकरी खाऊ घालते, बहीण पाळत ठेवते, जनावर मारलं जातं आणि त्याच्या अवशेषांतून झाड उगवतं, ते ५११. चीनमधल्या नवव्या शतकातल्या ये शियानच्या कथेत सावत्र आई मुलीचा लाडका मासा मारून खाते आणि माशाची हाडंच मुलीला हवं ते देतात. कथा ५१० ए मध्येच धरली जाते, पण तिचा अर्धा जीव ५११ मध्ये आहे. अशा वेळी दोन्ही आकडे अधिक चिन्हाने जोडून लिहावेत. एकच लिहिण्याचा हट्ट केला की मासा नोंदीतून सुटतो. जोडा काचेचा असणं ही एफ ८२३.२ अशी वेगळी नोंद आहे, ती एच ३६.१ मध्ये मिसळू नये. ग्रिम बंधूंच्या कथेत काच नाहीच. राजपुत्र जिन्याला डांबर फासून ठेवतो आणि मुलीचा डावा जोडा त्यात चिकटतो. म्हणजे जोडा ‘निसटत’ नाही, तो सापळ्यात अडकतो, आणि सापळा लावणारा कोण हे नोंदीत आलंच पाहिजे.

एटीयूचं मनापासून कौतुक करावं ते ३११ आणि ३१२ या जोडीसाठी. दोन्हींत नवरा किल्ल्या देऊन एका खोलीत जायला बंदी करतो, सी ६११. दोन्हींत आत मारलेल्या बायका सापडतात. फरक सुटका कोण करतं एवढाच. ३१२ मध्ये भाऊ घोड्यावरून धावत येतात. ३११ मध्ये धाकटी बहीण सगळं स्वतः करते. ग्रिमच्या कथेत तिला किल्लीसोबत अंडं मिळतं, जे सतत जवळ बाळगायचं असतं. मोठ्या दोघींच्या हातून ते रक्तात पडलं आणि डाग निघाला नाही. ही मात्र आधी अंडं सुरक्षित ठेवते आणि मगच दार उघडते. बहिणींचे तुकडे जुळवून त्यांना जिवंत करते, सोन्याखाली टोपलीत लपवून त्याच दुष्टाच्या पाठीवरून घरी पाठवते, खिडकीत नवरीसारखी सजवलेली कवटी ठेवते आणि अंगाला मध फासून पिसांत लोळते, म्हणजे वाटेत भेटणाऱ्याला पक्षी वाटावा. सुटकेचा कर्ता बदलला म्हणून आकडा बदलला, हा न्याय इतरत्रही लावला असता तर पुढच्या तक्रारी लिहाव्या लागल्या नसत्या.

पहिली तक्रार शीर्षकांची. ४०० चं शीर्षक ‘हरवलेल्या बायकोच्या शोधात निघालेला पुरुष’, आणि ४२५ चं नुसतं ‘हरवलेल्या नवऱ्याचा शोध’. शोधणारी कुठे गेली? लोखंडी जोडे झिजेपर्यंत चालते ती, एच ११२५. नवऱ्याजवळच्या रात्री विकत घेऊन त्याची आठवण जागी करते ती, डी २००६.१.४. ३१३ ची गोष्ट आणखी वाईट. जुन्या आवृत्तीत शीर्षक होतं ‘नायकाच्या पलायनात मदत करणारी मुलगी’. मदतनीस म्हणून का होईना, ती होती. उथरनी ते ‘जादुई पलायन’ केलं. कथेत अवघड कामं ती उरकते, फणी मागे टाकून अरण्य उभं करते, दोघांची रूपं पालटते. शीर्षकातून मात्र ती पुसली गेली. ९०० ते ९०९ या गटाचं नाव ‘हट्टी बायको आज्ञेत राहायला शिकते’ असं आहे. यात वर्णन कमी आणि निवाडा जास्त. शीर्षक वहीत उतरवू नये, फक्त आकडा लिहावा.

दुसरी तक्रार गप्प राहण्याची. ४५१ मध्ये पक्षी झालेल्या भावांना बहीण सोडवते. सहा हंसांच्या कथेत सहा वर्षं बोलायचं नाही, हसायचं नाही आणि तारकाफुलांचे सहा सदरे शिवायचे. मुलं चोरीला जातात, मुलांना खाल्ल्याचा आळ येतो, सरणावर चढवतात, तरी ती शिवत राहते. वेळ येते तेव्हा शेवटच्या सदऱ्याची डावी बाही व्हायची राहिलेली असते आणि धाकट्या भावाच्या खांद्याला पंख तसाच राहतो. सूचीत सदरे डी ७५३.१ आणि मौन डी ७५८, दोन्ही ‘शापमुक्ती’खाली. मिळालेला आकडा भावांच्या सुटकेचा, बहिणीच्या कष्टाचा नव्हे. अपुऱ्या बाहीतच सगळं काम दिसतं: किती शिवून झालं, किती राहिलं. ते तपशिलाच्या रकान्यात शब्दांनीच लिहावं लागतं.

८७५, शेतकऱ्याची हुशार मुलगी, या कथेला कल्पनाबंध-सूची जास्त न्याय देते. ‘नागडी नको, कपड्यात नको’ या अटीवर ती मासे पकडायचं जाळं गुंडाळून येते, एच १०५४.१. राजाने हाकलताना सर्वांत प्रिय वस्तू न्यायची मुभा दिली, तर झोपेचं औषध पाजून त्यालाच उचलून माहेरी नेते, जे १५४५.४. इथे प्रत्येक क्रियापद तिचं आहे.

तिसरी तक्रार लग्नानंतरच्या कथांची. लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी दाखवून दिलं होतं की बायका केंद्रस्थानी असलेल्या कथांत लग्न हा शेवट नसतो, खरा त्रास पुष्कळदा तिथून सुरू होतो. आपल्या कहाणीतली नावडती घ्या. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती; तिला उष्टं, जाडंभरडं आणि राहायला गुरांचं बेडं. छळ, हलकं काम, रानातली अद्भुत मदत, शेवटी मान, सगळं सिंड्रेलाचंच. पण ती मुलगी नाही, सून आहे, आणि सासऱ्याला तिची किंमत कळते ती देवळातल्या खुंटीवर राहिलेल्या त्याच्याच पागोट्यावरून. एल ५५ सावत्र मुलीसाठी, एस ५१ सासूसाठी; नावडतीला नीट बसेल असा आकडा हाताशी येत नाही. ओढूनताणून ५१० ए देण्यापेक्षा आकडा रिकामा ठेवणं चांगलं.

नोंदीची जी रीत टिकली ती अशी. सूची उघडण्याआधी कथेचे प्रसंग बारा ते वीस वाक्यांत उतरवायचे, प्रत्येकात कर्ता आणि क्रियापद हवंच. ‘तिची सुटका झाली’ हे वाक्य बाद. कोणी केली ते लिहा. मग चार रकाने: प्रसंग, आकडा, कर्ता, तपशील. आकडा शोधायला एटीयूच्या तिसऱ्या खंडातल्या विषयसूचीपासून सुरुवात करावी, तिथून कथाप्रकार आणि त्याच्या वर्णनात दिलेले कल्पनाबंध घ्यावेत. उलट दिशेने गेलं की एकेका आकड्याच्या मागे दहा कथा लागतात आणि दिवस जातो.

पाचवा रकाना उशिरा सुचला, तो आवृत्तीचा. स्नो व्हाइटचा छळ ग्रिमच्या १८१२ च्या आवृत्तीत सख्खी आई करते, १८१९ पासून सावत्र. साल न लिहिता एस ३१ नोंदवलं, तर संपादकाने केलेला बदल परंपरेच्या नावावर जमा होतो. आधीच्या नोंदी याच कारणासाठी पुन्हा तपासाव्या लागल्या, आणि एस अक्षराखालच्या अजून संपलेल्या नाहीत.