वुयेला मदत येतच नाही : आठ महिने खेळल्यानंतर

पाचव्या-सहाव्या शतकातल्या युरोपातला एखादा राजा होऊन खेळायचा हा कॉम्प्युटर गेम मी दिवाळीच्या सेलमध्ये ७४९ रुपयांना घेतला होता. नकाशा, घराणी, लढाईची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. लिहायला बसलो ते मागच्या आठवड्यातल्या अपडेटमुळे. माझी साठ तासांची मोहीम त्यात उडाली. खेळात ५३४ साल चालू होतं, दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजमध्ये गॉथ राजा होता, थुरिंगिया आणि बर्गंडी ही दोन्ही राज्यं शाबूत होती. खऱ्या इतिहासात थुरिंगिया ५३१ मध्ये आणि बर्गंडी ५३४ मध्ये फ्रँक या जर्मन टोळीने गिळली. कस्टमर केअरला चार मेल केले. उत्तर एकच, गेम पुन्हा इन्स्टॉल करा. पैसे परत मागितले तर म्हणे मुदत संपली.

आता मूळ मुद्दा. मी नेहमी तुलूजचा गॉथ राजा दुसरा अलारिक याच्याकडून खेळतो आणि पहिले तीन महिने दर वेळी, खऱ्या अलारिकसारखाच, ५०७ मध्ये फ्रँक राजा क्लोविसविरुद्धच्या वुयेच्या लढाईत मेलो. सासरा कोण, तर इटलीचा थिओडोरिक, त्या काळातला सगळ्यात बळकट राजा. त्याने सोयरिकींचं जाळंच विणलं होतं. एक मुलगी अलारिकला, दुसरी बर्गंडीच्या राजपुत्राला, बहीण आफ्रिकेतल्या वँडल राजाला, भाची थुरिंगियात. स्वतः बायको केली ती क्लोविसची बहीण. एवढं असून मी मदतीची हाक दिली की पडद्यावर यायचं, 'सैन्य निघण्यास ३८० दिवस'. बर्गंडीचा राजा, म्हणजे सासऱ्याचा व्याही, गुंडोबाद तर सरळ क्लोविसला जाऊन मिळायचा. मला हा बग वाटला. एक तारा देऊन मोकळा झालो होतो.

तो तारा मागे घेतो. थिओडोरिकच्या नावाने त्याच्या दरबारातल्या कॅसिओडोरसने लिहिलेली पत्रं वाचली. सैन्याने २४ जूनला निघावं असा हुकूम त्यात आहे आणि ते साल ५०८, म्हणजे जावई मरून वर्ष होत आलेलं. त्याच साली कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन सम्राटाचं आरमार इटलीचा किनारा लुटत होतं. बर्गंडी खरोखरच क्लोविसच्या बाजूने लढली. म्हणजे गेमने ३८० दिवस उगाच टाकलेले नाहीत.

जावयाला लिहिलेल्या पत्रात थिओडोरिक बजावतो की तुझ्या माणसांची लढायची सवय मोडली आहे, घाई करू नकोस. अलारिकलाही थांबायचं होतं, पण सरदारांनी टोचून टोचून त्याला मैदानात उतरवलं, असं सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. गेममध्ये डावीकडे जी 'सरदारांची नाराजी' नावाची लाल पट्टी आहे, ती मी आठ महिन्यांत जितकी बघितली तितकं काहीच बघितलं नाही. क्लोविस ल्वार नदी ओलांडतो आणि ती रोज एक घर चढते. शंभराला पोचली की लढाई आपोआप सुरू. सगळा खेळ ती पट्टी वर्षभर दाबून धरण्याचा आहे. मी ५०६ ची रोमन कायद्याची संहिता आणि आग्दची कॅथलिक बिशपांची धर्मसभा वेळेत उरकली, खजिना रिकामा केला, पट्टी ९४ वर थोपवली आणि रोन नदीच्या बाजूने थिओडोरिकचे झेंडे दिसले. रात्रीचे दोन वाजले होते, घरातल्यांना उठवून दाखवावंसं वाटलं.

दोन गोष्टी मात्र चुकीच्याच आहेत. क्लोविसचा बाप्तिस्मा झाला की गॉलमधले (म्हणजे आजच्या फ्रान्समधले) सगळे कॅथलिक आपोआप त्याचे होतात. हे खोटं आहे. वुयेला ओव्हर्न्य प्रांताचे कॅथलिक उमराव, कॅथलिक नसलेल्या अलारिकच्या बाजूने लढून मेले. दुसरं, क्लोविस मेला की फ्रँक नकाशावरून पुसले जातात. अहो, फ्रँकांचे दुसरे राजेही होते, कलोनला लंगडा सिगिबेर्ट होता, कांब्रेला राग्नाखार होता. तूरचा बिशप आणि इतिहासकार ग्रेगरी याच्या सांगण्याप्रमाणे क्लोविसने त्यांचा काटा नंतर काढला. वुयेला क्लोविस पडला असता तर हे जिवंत राहिले असते आणि ऱ्हाइनकाठी तीन-चार छोटी राज्यं भांडत बसली असती. फ्रँकांची सत्ता नसलेला युरोप म्हणजे फ्रँकच नसलेला युरोप नव्हे. आणि क्लोविस पडणं अगदी जवळ आलं होतं. दोन गॉथांनी दोन्ही बाजूंनी भाले मारले, चिलखत आणि घोड्याच्या वेगाने तो वाचला. गेममध्ये हा प्रसंग आहे, फासा पडतो.

पूर्ण किंमत देऊन घेऊ नका, सेलची वाट बघा. ऑटो-अपडेट आधी बंद करा. सेव्ह फाइलची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. मी परत ४९३ पासून सुरू केलंय, सध्या ५०७ चा वसंत आहे आणि पट्टी ६१ वर.